शोभनाकाकूंचा न पळणारा ठेका

शोभनाकाकू दर गुरुवारी संध्याकाळी जातात कुठे, या प्रश्नावर डेट्रॉइटशेजारच्या ट्रॉयमधल्या मराठी बायकांनी एके काळी जेवढं डोकं खर्च केलं, तेवढं मुलांच्या अभ्यासावर केलं असतं तर गावात आणखी दहा डॉक्टर तयार झाले असते. अंगावर पाचवारी साडी, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला लांबलचक पिशवी, आणि मागून नवरा एक भलीमोठी काळी पेटी पोटाशी धरून धापा टाकत चाललेला. हेमचंद्रकाकांना कोणी हटकलंच तर ते शांतपणे सांगायचे, "शिवणाचा क्लास आहे."

"आणि ही पेटी?"

"मशीन."

त्या मशीनवर एक झबलंसुद्धा शिवलेलं कोणी पाहिलं नव्हतं. पण काका मोटारीच्या कंपनीत इंजिनिअर. गाडीचं दार लावलं की 'खण्ण' न वाजता 'धप्प' असा भारदस्त आवाज यावा, एवढ्या एका कामावर त्यांची अख्खी नोकरी गेली. असा माणूस तोंडावर खोटं बोलेल, हे कोणाच्या मनातही येत नसे.

शेवटी बिंग फुटलं ते नीलाकाकूंमुळे. नीलाकाकू म्हणजे समोरच्या घरातल्या, आणि गावातली बातमी आधी त्यांच्याकडे पोचते, मग ती घडते. त्यांनी एक दिवस काकूंच्या हातात ब्लाउजपीस ठेवलं. "तुझा क्लास चाललाय ना, मग शिवून दे." झाली पंचाईत. नवराबायको पाच तास गाडी हाकून शिकागोला गेले, डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी शिंप्याकडून ब्लाउज शिवून आणला. तो इतका फक्कड बसला की पुढच्या आठवड्यात काकूंच्या दारात अकरा बायका कापड घेऊन उभ्या. तेव्हा कुठे शोभनाकाकूंनी कपाळाला हात लावला आणि कबूल केलं, "मला टाकाही घालता येत नाही गं. मी डेट्रॉइटला बेस गिटार वाजवते."

नीलाकाकूंना त्यातला टाका तेवढा कळला.

आता बेस गिटार म्हणजे चार जाड तारांचं, खर्जात बोलणारं वाद्य, आणि काकांच्या पोटाशी असायची ती पेटी म्हणजे त्याचा आवाज मोठा करणारा स्पीकर. आणि काकू ज्या गाण्यांना ते वाजवत ती सोल संगीताची. डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय लोकांनी चर्चमधलं भजन बाहेर आणून त्यात प्रेम, विरह, पगाराचा दिवस आणि शनिवारची मजा सगळं घातलं, ते हे गाणं. त्यातही काकू सेशनच्या वादक. म्हणजे गाणं दुसऱ्याचं, नाव दुसऱ्याचं, तबकडीवर फोटो दुसऱ्याचा. आपण जायचं, वाजवायचं, घरी येऊन कुकर लावायचा.

हे वेड लागलं कसं, तेही मजेशीरच आहे. पुण्यात असताना शोभना आपल्या आत्याच्या मागे तंबोऱ्यावर बसायची. आत्या मैफिली गाजवायच्या, शोभना तारा छेडायची. कोणी तिला नाव विचारलं नाही, आणि तिलाही त्याचं काही वाटलं नाही. लग्न होऊन ती डेट्रॉइटला आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. अपार्टमेंटमध्ये खालच्या मजल्यावर वर्डेल नावाचा ड्रमवाला राहायचा. त्याचा सराव सुरू झाला की वर फडताळातले डबे नाचायचे. एकदा हिंगाची डबी नाचत नाचत येऊन पिठात पडली, आणि शोभना तशीच, हातात लाटणं घेऊन, जिना उतरून खाली गेली. वर्डेलनं लाटण्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, बाई काहीतरी वाजवायला आली आहे.

"या, बसा," तो म्हणाला.

ती बसली. भांडायला आलेली बाई बसल्यावर भांडण निम्मं होतं. त्यात वर्डेलबरोबर सरावाला आलेला बेसवाला काही केल्या सुरात लागेना. शोभनानं थोडा वेळ सोसलं. मग तिला राहवलं नाही. "आवाजाचं जाऊ द्या," ती म्हणाली, "पण ती खालची तार उतरली आहे. कधीपासून छळते आहे मला."

पुढे त्या बेसवाल्याला कारखान्यात दुसरी पाळी लागली, त्याचं वाद्य कोपऱ्यात पडून राहिलं, आणि एका रविवारी वर्डेलनं ते शोभनाच्या मांडीवर ठेवलं. ती ते तंबोऱ्यासारखं उभं धरायला गेली, त्यावर तो जो हसला तो अजून हसतोय. दिवसा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं आणि गुरुवारी संध्याकाळी खर्ज लावायचा, असं चाळीस-बेचाळीस वर्षं चाललं. तारांचा आवाज फार घुमू नये म्हणून वादक तारांखाली स्पंज खोचतात. काकूंनी जुन्या सुती साडीची घडी खोचली, आणि डेट्रॉइटमध्ये त्या मऊ आवाजाला लोक 'मिस शोचा आवाज' म्हणू लागले. मिस शो म्हणजे आपल्या शोभनाकाकू. एकदा सासूबाई सहा महिने राहायला आल्या होत्या. त्यांनी सुनेला खूश करायला त्या काळवंडलेल्या तारा चिंच लावून लखलखीत घासल्या. बेसच्या तारा जुन्या, मळलेल्याच गोड बोलतात. काकू दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत आणि सासूबाई नागपूरला फोन करून सांगत राहिल्या की सून कामसू आहे पण स्वच्छतेचं वावडं आहे.

कधीतरी सुपरमार्केटमध्ये छतातल्या स्पीकरवर काकूंचं गाणं लागायचं. म्हणजे गाणं कोणा गायिकेचं, पण पोटातून ढकलणारा खर्ज काकूंचा. काकू फ्लॉवर हातात धरून जागच्या जागी थांबायच्या. काका ट्रॉली घेऊन मागे उभे. "झालं का? की फ्लॉवरलापण ऐकवायचं आहे?"

"अहो, शेवटचं कडवं राहिलंय."

"बरं. मी तोवर दूध घेऊन येतो."

अशा या शोभनाकाकूंचं वाजवणं तीन वर्षांपूर्वी थांबलं. डाव्या मनगटाचं ऑपरेशन झालं, बोटं आखडली, आणि बेस गेस्टरूममध्ये कपड्यांच्या कपाटामागे गेला. काकूंनी मंडळाच्या भिशीत नाव घातलं, बागेत वांगी लावली. कोणी विचारलं तर म्हणत, "पुरे झालं की आता." हे त्या इतक्या वेळा म्हणत की कोणाचा विश्वास बसत नसे.

आणि या उन्हाळ्यात डेलॉइसचा फोन आला.

डेलॉइस अठ्ठ्याहत्तर वर्षांची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मागे उभी राहून कोरसमध्ये गायली. मोठमोठ्या गायिका पुढे आल्या, गाजल्या, निवृत्त झाल्या, ही मागेच. आता पहिल्यांदा तिचा स्वतःचा अल्बम निघणार होता, दहा गाण्यांचा, वर्डेलच्या तळघरातल्या स्टुडिओत. "शो," ती फोनवर म्हणाली, "माझ्या पायाखाली मला तूच हवीस. दुसऱ्या कोणावर मी उभी राहणार नाही. येतेस ना?"

"येते," काकू म्हणाल्या. फोन ठेवला आणि डाव्या हाताकडे पाहत बसल्या.

काकांनी कपाट सरकवलं.

बोटं हळूहळू सुटायला लागली. पण एकटीनं सराव करणं म्हणजे एकटीनं फुगडी घालणं. बेसला सोबत लागते. आणि नेमका तेव्हाच मंडळाचा अध्यक्ष प्रसन्न दारात येऊन उभा राहिला. प्रसन्न नागपूरचा, आयटीतला, उत्साह इतका की त्याच्याशी पाच मिनिटं बोललं तरी माणसाला धाप लागते. "काकू, तुमच्याकडे बेस आहे म्हणे! यार, आपल्या आरतीला बेस! इमॅजिन करा! रोज संध्याकाळी माझ्या गॅरेजमध्ये प्रॅक्टिस आहे. ढोल आहे, झांजा आहेत, चाळीस लोक आहेत. तुम्ही फक्त या."

काकूंना सोबत मिळाली. तीन आठवडे रोज गॅरेजमध्ये प्रॅक्टिस, आणि मग गणपती बसल्यावर आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. काका पेटी उचलायचे, काकू प्लग लावायच्या, आणि मंडळी आरती धरायची.

आता आपली आरती कशी चालते ते काही तुम्हाला सांगायला नको. पहिलं कडवं कसं धीरगंभीर, डोळे मिटून. दुसऱ्यात टाळ्या जाग्या होतात. तिसऱ्यात नीलाकाकूंच्या झांजेला पाय फुटतात. तिथून पुढे देवाचं कोणाला भान नाही. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या पुढे. आतून तळणीचा वास येतोय, मुलांना उद्या शाळा आहे, रस्त्यावर गाडी वाकडी लावली आहे. शेवटची आरती तर अशी सुटते की शब्द मागे राहतात आणि माणसं प्रसादापाशी पोचतात. काकू सगळ्यांबरोबर वाजवत राहिल्या. चार लोकांत आपलंच खरं कशाला करायचं, असा विचार. त्यांना वाटलं, बोटं चांगली पळायला लागली की!

गणपतीतल्याच रविवारी दुपारी वर्डेलच्या तळघरात पहिली तालीम झाली. गाणं संथ होतं, एका बाईनं नवऱ्याची वाट पाहत स्वयंपाकघरात बसल्याचं. वर्डेलनं ठेका दिला, काकू शिरल्या, डेलॉइसनं डोळे मिटले. दुसऱ्या कडव्याला डेलॉइसनं डोळे उघडले. तिसऱ्याला वर्डेलनं काठ्या खाली ठेवल्या.

"मिस शो," तो म्हणाला, "गॅस चालू ठेवून आलीस का घरी?"

"का?"

"पळते आहेस."

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. बेसवाल्यानं चुकीचा स्वर लावला तर खपतं. झोपला तरी एक वेळ खपतं. पण पळायचं? गाणारी बाई वर कितीही उंच जाऊ दे, खाली परत येईल तेव्हा जमीन जागेवर हवी. चाळीस वर्षांत वर्डेलनं हा शब्द त्यांच्यासाठी वापरला नव्हता.

पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिसऱ्या कडव्याला तेच. काकूंना कळत होतं आणि हात थांबत नव्हता.

डेलॉइस येऊन त्यांच्या शेजारी बसली. "बाळा," ती म्हणाली, "मी या गाण्यासाठी जन्मभर थांबले. तुला एवढी कसली घाई?"

कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. वर्डेलनं डोकं खाजवलं. "पुढच्या रविवारी रेकॉर्डिंग आहे. तोवर बघ. नाहीतर... चर्चमध्ये एक पोरगा वाजवतो. वाईट नाही. त्याला सांगून ठेवतो, नुसतं सांगून ठेवतो."

अर्ध्या रस्त्यात काकूंनी गाडीतला रेडिओ बंद केला. मग म्हणाल्या, "अहो, वय झालं माझं. हात गेला तर गेला, कानपण गेला. विकून टाका ते."

"पेटीसकट?" काकांनी विचारलं.

"पेटीसकट."

"म्हणजे माझी पाठ सुटली," काका म्हणाले. पण आवाजात नेहमीची गंमत नव्हती, आणि घरी आल्यावर त्यांनी पेटी गाडीतून काढलीच नाही.

दुसऱ्या दिवशी आरती नीलाकाकूंकडे होती. शोभनाकाकू बेस न घेता गेल्या आणि मागे सोफ्यावर बसल्या. हात दुखतोय म्हणाल्या. महिनाभरात पहिल्यांदाच त्या नुसत्या ऐकत होत्या. पहिलं कडवं. दुसरं. तिसऱ्याला झांज सुटली, तिच्यामागे प्रसन्नचा ढोल, ढोलामागे चाळीस जणांच्या टाळ्या, जशी काही समोर शेवटची बस उभी आहे. काकू ताठ झाल्या. त्यांनी मांडीवर बोट आपटून पाहिलं. तिसऱ्या कडव्याला! बरोबर तिसऱ्याच कडव्याला!

आणि भर आरतीत शोभनाकाकू हसायला लागल्या. साध्या नाही, पदर तोंडात कोंबून, खांदे हलवत. नीलाकाकूंनी झांज वाजवता वाजवता डोळे वटारले, ते पाहून काकूंना आणखीच हसू फुटलं. शेवटी काकांनी त्यांना धरून स्वयंपाकघरात नेलं.

"काय झालं काय तुला?"

"अहो, माझा कान नाही गेला! मला यांनी पळवलंय! महिनाभर रोज संध्याकाळी चाळीस लोकांनी मिळून मला पळायची सवय लावली!"

काकांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे बिघाड यंत्रात नाही. रस्त्यात आहे."

"तर!"

"मग रस्ता दुरुस्त कर."

बाहेर प्रसादाची ताटं फिरायला लागली होती. काकूंनी तिथूनच डेलॉइसला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून असा हशा आला की काकूंनी फोन कानापासून लांब धरला. "देवाच्या गाण्यात पळतात?" डेलॉइस म्हणाली. "हे मला बघायचंय. शनिवारी येते. वर्डेललाही आणते."

शनिवारी मंडळाचा मोठा कार्यक्रम हायस्कूलच्या सभागृहात होता. तीनशे माणसं. समोर मखर, मोठ्या तबकात बॅटरीचे दिवे, कारण शाळेत काडी पेटवायची परवानगी नाही. पहिल्या रांगेत, जांभळी टोपी घालून डेलॉइस आणि तिच्या शेजारी पोलो शर्टातला वर्डेल. नीलाकाकूंनी त्यांना लगेच मोदकाबद्दल माहिती पुरवली आणि त्यांच्याबद्दल माहिती काढली.

काकूंनी पट्टा खांद्यावर घेतला. प्रसन्नला जवळ बोलावलं. "हे बघ प्रसन्न, आज मी पळणार नाही."

"काकू, चालेल ना! नो इश्यू!"

"चालेल नाही. चालणारच आहे. पळणार नाही एवढंच सांगते."

आरती सुरू झाली. पहिलं कडवं नेहमीसारखं. दुसऱ्यात टाळ्या जाग्या झाल्या. तिसऱ्याला नीलाकाकूंची झांज निघाली. काकू निघाल्या नाहीत. त्या जिथे होत्या तिथेच, घट्ट, पाय रोवून. झांज थोडी पुढे गेली, मागे वळून पाहिलं, कोणी येत नाही म्हणून गडबडली. ढोलवाल्यांनी जोर लावला. तीनशे लोकांचं ओझं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला बहात्तर वर्षांची एक बाई. काकूंच्या कपाळावर घाम आला. बोट एकदा अर्धं घसरलं. त्या सगळ्या टाळ्यांबरोबर सुटायला हात अक्षरशः शिवशिवत होता.

कोपऱ्यात पेटीशेजारी हेमचंद्रकाका उभे होते. आयुष्यभर त्यांनी त्या पेटीचं नुसतं ओझं वाहिलं होतं, बटणाला कधी हात लावला नव्हता. आज त्यांनी वाकून आवाजाचं बटण फिरवलं. एकदम बरंच.

सभागृहाच्या जमिनीतून खर्ज वर आला. लोकांना तो कानाआधी तळपायांतून कळला. आणि पहिल्या रांगेत डेलॉइस उभी राहिली आणि टाळी वाजवायला लागली. पण आपली टाळी पडते त्या मात्रेवर नाही, तिच्या पुढच्या मोकळ्या जागेत. आपली एक, तिची एक. आधी मुलांनी ते उचललं. "आई, लाइक दिस!" मग आयांनी. टाळी दोन बाजूंनी अशी बांधली गेल्यावर पळायला जागाच राहिली नाही. दुसऱ्या आरतीपर्यंत सगळं सभागृह एका चालीनं डुलत होतं, आणि कित्येकांना आरतीत हे एवढे शब्द आहेत याचा त्या दिवशी पहिल्यांदा पत्ता लागला.

तबक ओवाळून ओवाळून प्रसन्नचे दोन्ही हात भरून आले. त्यानं ते बायकोकडे दिलं, तिनं सासऱ्यांकडे. आरती संपली तेव्हा मोदक गार झाले होते.

"किती लांबवलीस गं!" नीलाकाकू झांज गुंडाळत म्हणाल्या. मग जरा थांबून, इकडेतिकडे पाहत, "पण देव बसल्यासारखा वाटला आज. एरवी आपण त्याला उभ्या उभ्याच ओवाळतो."

वर्डेल चौथा मोदक खात होता. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं निकाल द्यायच्या ऐवजी पाचवा उचलला. रेकॉर्डिंग उद्या होतं, आणि तो कच्चा गुरू नव्हता.

रविवारी दुपारी तळघरात दिवे लागले. तेच गाणं, तीच स्वयंपाकघरात बसलेली बाई. काकूंनी साडीची घडी तारांखाली नीट खोचली. वर्डेलनं ठेका दिला. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. तिसरं आलं तेव्हा काकूंनी पाय आणखी घट्ट रोवले. त्यांनी डेलॉइसकडे पाहिलं. डेलॉइसचे डोळे मिटलेले होते. ती वर चढली, आणखी वर, जिथून आवाज फाटेल की काय असं वाटावं तिथे जाऊन थांबली, आणि तिथेच रेंगाळली, कारण खाली कोणी तिची घाई करत नव्हतं. मग ती हळूहळू उतरली आणि बरोबर काकूंच्या स्वरावर पाय टेकला.

शेवटचा स्वर विझेपर्यंत कोणी हललं नाही.

"पुन्हा एकदा घ्यायचं?" काकूंनी विचारलं. त्यांचा आवाज जरा चोरटाच होता.

डेलॉइसनं टोपी काढली, खुर्चीत बसली, रुमालानं मान पुसली. मग वर्डेलकडे वळली.

"त्या चर्चमधल्या पोराला फोन कर," ती म्हणाली. "म्हणावं, घरीच थांब. नऊ गाणी राहिली आहेत, आणि तीसुद्धा हीच वाजवणार आहे."